मागे वळून बघणाऱ्याची मिलोंगा

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या परंपरा मंडळाचे प्रमुख डॉन फाउस्तिनो, व्यासपीठावर बसलेल्या नगरपालिकेच्या प्रतिनिधी डोन्या ओफेलिया, पाद्री आन्सेल्मो, ज्यांच्यासाठी आपण सगळे जमलो ते सत्कारमूर्ती डॉन नेमेसिओ बारागान, लास गार्सासच्या आणि आसपासच्या वस्त्यांवरून धूळ खात इथवर आलेल्या बंधुभगिनींनो, आणि मागच्या दाराशी उभं राहून एक डोळा शेगडीवरच्या मांसावर ठेवणाऱ्या मंडळींनो, तुम्हा सर्वांना डोमितिला एचार्रीचा नमस्कार.

अध्यक्षांनी मला दहा मिनिटं दिली आहेत. एवढा वेळ मला पुरणार नाही, हे त्यांना ठाऊक आहे आणि मलाही. तेव्हा डॉन फाउस्तिनो, घड्याळ काढून टेबलावर ठेवलंत तरी माझी हरकत नाही. फक्त ते माझ्याकडे वळवून ठेवू नका.

मला भाषणाची सवय नाही. माझी शाळा चौथीत सुटली. पुढचं जे काही शिकले ते बंद पडलेल्या स्टेशनातल्या कपाटातून. रेल्वे गेली तेव्हा स्टेशनमास्तर पुस्तकं इथंच सोडून गेले आणि कपाटाची किल्ली माझ्याकडे देऊन गेले. 'उंदरांपासून सांभाळा,' एवढंच म्हणाले. सांभाळता सांभाळता मी ती वाचली. त्या कपाटात आपल्या माळरानावरच्या गाउचो गुराख्यांवरची पुस्तकं बरीच होती. सगळ्यांत एकच माणूस. वाऱ्यासारखा मोकळा, ना घर ना दार, घोड्याला टाच मारली की क्षितिजाकडे निघालेला, मागे वळून न बघणारा. मी दिव्याजवळ बसून ते वाचायचे, मान वर करून समोर बघायचे, तर माझा एल्पिदिओ लगामाला चरबी चोळत बसलेला असायचा. मला वाटायचं, मी लग्न केलं ते बहुतेक दुसऱ्याच कुणाशी.

ते का, हे आज सांगते. त्यातच डॉन नेमेसिओंचा सत्कार आहे.

एल्पिदिओचा कळप तुमच्यापैकी बहुतेकांनी पाहिलेला आहे. अकरा घोडे, सगळे लांडग्याच्या पाठीसारखे राखी, आणि त्यांच्या पुढे गळ्यात घंटा बांधलेली एक अबलख घोडी. अकरा घोडे एका रंगाचे जमवायला त्याला चौदा वर्षं लागली. त्यांना एका घोडीच्या मागे चालायला शिकवायला आणखी तीन. घोडी जिथे जाईल तिथे कळप. ना कुंपण लागायचं, ना दोर. पहाटे तळ्यावर धुकं उतरलेलं असायचं. मी अंथरुणातच असायचे. आधी काहीच ऐकू यायचं नाही. मग फार लांबून, त्या पांढऱ्याच्या आतून, घंटा. थोड्या वेळाने खिडकीतून घोड्यांच्या नुसत्या पाठी दिसायच्या, पाय धुक्यात. अकरा राखी पाठी पाण्यावरून तरंगत घराकडे यायच्या आणि त्यांच्या पुढे टोपी घातलेला एक माणूस. एकतीस वर्षं माझा दिवस असा त्या घंटेने उजाडला, सुरुवातीला पाठी कमी असायच्या एवढंच. आजही कधी जाग येते तेव्हा वाटतं, तो दिवस होता की मी अजून झोपेतच होते?

एल्पिदिओ पाच वर्षांपूर्वी एप्रिलमध्ये गेला. दुपारी खुर्चीत बसला होता. 'म्हातारे, मातेच्या चहासाठी पाणी ठेव,' म्हणाला. मी पाणी ठेवलं. ते उकळायच्या आत तो गेला होता.

आता जे सांगते त्यात तुम्ही सगळे आहात, म्हणून खाली बघू नका.

त्याला पेटीत ठेवला तेव्हा कुणी त्याच्या हाताशी त्याचा सुरा ठेवला, कुणी अंगावर त्याचा लोकरी पोंचो घातला. मला काय द्यावं ते सुचेना. मी अंगणात गेले, अबलख घोडीच्या गळ्यातून घंटा सोडवली आणि आणून त्याच्या छातीवर ठेवली. त्या आवाजाशिवाय त्याला झोप कशी लागेल, एवढंच डोक्यात होतं. खोलीत चाळीसेक माणसं होती. त्यातली तीस तरी घोड्याच्या पाठीवर म्हातारी झालेली. घंटा जमिनीत गेली तर कळपाचं काय होतं, हे त्या तिसांपैकी प्रत्येकाला ठाऊक होतं. आणि त्या तिसांपैकी प्रत्येकाने टोपी छातीशी धरून मान खाली घातली आणि एक शब्द काढला नाही. विधवेला कसं अडवायचं? डॉन तेओफिलो, तुम्ही तर पेटीचं झाकण धरलं होतं. नंतर तुम्हीच मला म्हणालात, 'डोन्या, मला वाटलं पाद्री बोलतील.' आणि पाद्री आन्सेल्मो म्हणाले, 'मला वाटलं ती एखादी रीत असेल.'

हसा, हसा. आता हसण्यासारखंच आहे. तेव्हा नव्हतं.

आठवडाभरात घोडे फुटू लागले. घोडी तीच, तिचा वास तोच, पण घंटेशिवाय ती चालली की कळपाला ती कुठेतरी चरायला निघालेली एक घोडी वाटायची. दोन घोडे डॉन तेओफिलोंच्या रानात सापडले, एक पुलाच्या पलीकडे. दुसऱ्या घंटा बांधून पाहिल्या. घोडे कानसुद्धा हलवेनात. मंडळात आपली रीत सगळ्यांना माहीत आहे. नोव्हेंबरच्या मेळ्यात चार कळप एकमेकांत मिसळतात, धुरळ्यात घोडा कुणाचा कोण ते दिसेनासं होतं, मग चार कोपऱ्यांतून चार घंटा वाजतात आणि प्रत्येक घोडा आपल्या घंटेमागे उभा राहतो. ज्या कळपाचा घोडा दुसऱ्याच्या घंटेमागे जातो, तो कळप मोडला असं जाहीर होतं. त्याचं नाव पुन्हा पुकारलं जात नाही. घोडे वेगवेगळ्या घरी जातात. एल्पिदिओ तर गेलाच होता. त्याची सतरा वर्षं मी माझ्या हाताने पेटीत घालून पुरली होती, आणि नोव्हेंबरला सात महिने उरले होते.

कुणीतरी सुचवलं, थडगं उघडू या. मी नगरपालिकेत चौकशीला गेले. कारकुनाने अर्ज पुढे ओढला, पेन्सिल ओली केली आणि विचारलं, 'कारण काय लिहू?' मी म्हटलं, 'घोडे ऐकत नाहीत असं लिहा.' त्याने पेन्सिल खाली ठेवली. मग मीच अर्ज परत मागितला. ज्या माणसाला एकदा झोपवलं त्याला उठवून त्याच्या छातीवरचं काढून घ्यायचं, हे माझ्याने होणार नव्हतं.

त्याच संध्याकाळी डॉन नेमेसिओ गिटार पाठीला बांधून घोड्यावरून आले. उतरले नाहीत. अंगणातूनच म्हणाले, "डोन्या, रडणं झालं असेल तर माते ठेवा. ती घंटा हरवलेली नाही."

"मग कुठं आहे?"

"माझ्याकडे."

मी घाबरलेच. म्हटलं, "डॉन नेमेसिओ, तुम्ही तिकडे जाऊन उकरलंत की काय?"

"काय हे! तुमचा एल्पिदिओ जिवंतपणी कुणाला हात लावू द्यायचा नाही, आता देईल?" मग उतरले, ओट्यावर बसले आणि गिटारीची सगळ्यात जाड तार वाजवली. एकदाच.

मी चुलीपाशी होते. हातातली किटली खाली ठेवली. धुकं नव्हतं, पहाट नव्हती, पण मला वाटलं आत्ता खिडकीतून पाठी दिसतील.

"सव्वीस वर्षं," ते म्हणाले, "तुमच्या कुंपणावरून जाताना त्या घंटेवर मी ही तार लावत आलोय. जगात घंटेवर गिटार लावणारा मी एकटाच असेन. आता गिटारीवर घंटा लावू."

थांबा. इथे मला थोडं मागे जायला हवं, कारण शहराकडून आलेले दोन-तीन पाहुणे आपल्यात आहेत आणि त्यांना हे सगळं वेडेपणाचं वाटत असेल.

डॉन नेमेसिओंकडे गिटार शिकायला गेलेल्या मुलांना पहिला आठवडा गिटार मिळत नसे. घोडा मिळे. सात दिवस नुसतं चालीवर बसायचं, आठव्या दिवशी तारेला हात. एका बाईंनी तक्रार केली होती, त्या आज इथे आहेत, नाव घेत नाही. म्हणाल्या, "मी पोरीला संगीत शिकायला पाठवते आणि ती घोड्याचा वास घेऊन घरी येते." डॉन नेमेसिओ म्हणाले, "बाई, तालाला वास असतो." त्यांचं म्हणणं असं की आपल्या मिलोंगात, म्हणजे गिटारीवर गायच्या या माळावरच्या गाण्यात, अंगठा म्हणजे घोडा आणि बाकीची बोटं म्हणजे वर बसलेला माणूस. अंगठ्याने एकसारखं चालत राहायचं. वरच्या माणसाला काय आठवतंय, कुणावर तो चिडलाय, कुणाच्या घराचा दिवा त्याला लांबून दिसलाय, ते बोटांनी सांगायचं. आणि गाणारा जेव्हा मध्येच गप्प होतो तेव्हा अंगठा थांबू द्यायचा नाही. माणसाला बोलवेनासं झालं तरी घोडा चालतोच. आपली जुनी गाणी अशीच झाली. मैलोन् मैल एकट्याने चालताना माणूस आधी घोड्याच्या पावलांशी बोलायला लागला. गिटार फार नंतर आली.

तर, लोहार बासिलिओ आणि डॉन नेमेसिओ. जून ते ऑगस्ट, अख्खा हिवाळा ते दोघं भट्टीपाशी. बासिलिओ पत्रा दुमडायचा, ठोकायचा, आत लोलक टांगायचा, वाजवायचा. डॉन नेमेसिओ तार छेडायचे आणि मान हलवायचे. त्यांचं बोलणं मी दाराशी बसून ऐकलेलं आहे.

"ही?"

"ही शाळेची घंटा झाली. घोडे नाही, पोरं येतील."

"आणि ही?"

"ही चर्चची. पाद्रींना देऊन टाक."

"बारागान, तुला घंटा हवी आहे की नवरी?"

"नवरी असती तर दुसरीलाच हो म्हटलं असतं. ठोक."

सातवी घंटा झाली तेव्हा डॉन नेमेसिओंनी गिटार भिंतीला टेकवून ठेवली. त्यांनी ती माझ्या हातात दिली. मी हलवली. बासिलिओने हातोडा खाली ठेवला आणि बाहेर जाऊन पाठमोरा उभा राहिला. बासिलिओ, तू म्हणालास धूर डोळ्यात गेला. त्या दिवशी भट्टी कधीची विझली होती.

दुसऱ्या दिवशी आम्ही ती घोडीच्या गळ्यात बांधली. सेफेरिनो, म्हणजे डॉन तेओफिलोंचा पुतण्या, या भागातला सगळ्यात नीट बसणारा स्वार, तो शेजारून घोड्यावर आणि अबलख घोडी त्याच्या हातात. घंटा वाजली. अकराच्या अकरा घोड्यांनी माना वर केल्या. बारा-पंधरा पावलं आले. आणि थांबले.

ओळखीच्या आवाजाने हाक आली म्हणून माणूस धावत दाराशी जातो आणि दारात दुसराच कुणी उभा असतो, तेव्हा त्याचा चेहरा जसा होतो, तसे ते घोडे दिसत होते. सेफेरिनोने तीन वेळा फेरी मारली. घोडे चरायला लागले.

मी घरी आले आणि स्टेशनच्या कपाटाची किल्ली काढून ठेवली, वाचावंसं वाटेना. सूर बरोबर होता. मग आणखी काय हवं होतं त्या जनावरांना? एल्पिदिओच हवा असेल तर मलाही तोच हवा होता; ते कुणाच्या हातात होतं?

डॉन नेमेसिओ तीन दिवस दिसले नाहीत. चौथ्या दिवशी सकाळी आले, मी पाव भाजत होते. टोपी न काढताच म्हणाले, "डोन्या, माझ्या मिलोंगातली चूक तुम्हाला माहीत आहे ना?"

ती चूक कुणाला माहीत नाही? 'राखी कळपाची मिलोंगा' त्यांनी बांधून वीस वर्षं झाली. लग्नात, मेळ्यात, सगळीकडे वाजते. आणि प्रत्येक कडव्यात तिसऱ्या ओळीनंतर अंगठा अडखळतो. अर्धं पाऊल गायब. नाचणारे तिथे एकमेकांच्या पायावर पाय देतात. शहरातले एक गृहस्थ यंत्र घेऊन गाणी टिपायला आले होते, त्यांनी फार अदबीने सांगितलं, "डॉन नेमेसिओ, इथे तुमची एक मात्रा पडते." हे म्हणाले, "पडत नाही, साहेब, तिथेच ठेवलेली आहे." ते गृहस्थ वहीत काहीतरी लिहून निघून गेले. म्हातारपण असं लिहिलं असणार. आणि मी खरं सांगते, मलाही ती चूकच वाटायची.

"ती चूक माझी नाही," डॉन नेमेसिओ म्हणाले. "ती तुमच्या नवऱ्याची आहे. मी कुंपणापलीकडून ऐकून तशीच उचलली. घोडी घेऊन तो चालायचा ना, दर दहा-बारा पावलांनी मागे वळून बघायचा. सगळे आहेत ना, म्हणून. वळला की नकळत हात ओढला जायचा, घोडी अर्धं पाऊल अडायची, घंटा एकदा वाजायची राहायची. सेफेरिनो फार चांगला स्वार आहे. नाकासमोर बघतो. घंटा कशी एकसारखी वाजते त्याची, घड्याळासारखी! घोड्यांना वाटतं, हा कुणीतरी आपल्या वाटेने चाललेला माणूस. आपल्याला मोजत नाहीये."

मी पाव जाळला.

मग म्हणाले, "चांगला स्वार नकोच आहे. मागे वळून बघणारं माणूस हवं आहे. तसं गावात आता एकच उरलं आहे."

"कोण?" मी विचारलं. मला खरंच कळलं नव्हतं.

"चार महिने खिडकीकडे कोण बघत बसलंय?"

"डॉन नेमेसिओ, मी घोड्यावर बसून अठ्ठावीस वर्षं झाली."

"घोड्याला कुठं माहीत आहे?"

तर अशी मी एकोणसाठाव्या वर्षी पुन्हा घोड्यावर बसले. सप्टेंबरभर अंग एवढं दुखायचं की रात्रीची भाकर मी उभ्याने खाल्ली. बसणं जमलं. शेजारी अबलख घोडी धरून चालवणं जमलं. जमत नव्हतं ते एकच, मागे बघणं. डॉन नेमेसिओ कुंपणावर बसून मिलोंगा वाजवायचे, अंगठा अडखळला की मी वळायचं असं ठरलं होतं. मी मान अर्धी वळवायचे आणि परत पुढे. ते ओरडायचे, "डोन्या, मान वळवली, बघितलं नाहीत!" त्यांना कसं सांगू? मागे बघितलं आणि मागे कुणीच नसलं तर? एप्रिलपासून मी तेच तर टाळत होते. पुढे बघत राहिलं की मागे सगळं जसंच्या तसं आहे असं मानता येतं.

आणि नोव्हेंबर आला.

तो दिवस मला अजूनही नीट आठवत नाही. स्वप्नातला वाटतो. ऊन होतं आणि चाळीसहून जास्त घोडे एकमेकांत फिरत होते, काळे, तांबूस, पांढरे, माझे राखी, आणि धुरळा एवढा सोनेरी की त्यात घोडे विरघळले. आवाज नुसता खुरांचा, जमिनीखालून आल्यासारखा. डॉन नेमेसिओ फळ्यांच्या मंचावर गिटार घेऊन बसलेले. इशारा झाला. चार कोपऱ्यांतून चार घंटा निघाल्या. तीन कळप धुरळ्यातून ओघळत बाहेर पडू लागले. मी घोडीला घेऊन चालले होते, नाकासमोर बघत, पाठ ताठ, सेफेरिनोपेक्षाही चांगली. घंटा एकसारखी वाजत होती. आणि माझ्या पाठीमागे कसलाही आवाज नव्हता.

मिलोंगाचं पहिलं कडवं. तिसरी ओळ. अंगठा अडखळला. मी वळले नाही.

दुसरं कडवं. वळले नाही.

तिसऱ्या कडव्यात त्या जागी डॉन नेमेसिओ थांबलेच. अडखळले नाहीत, थांबले. तारांवर तळहात ठेवला. पन्नास वर्षांत ज्या माणसाचा अंगठा कुणी थांबलेला ऐकला नव्हता, तो अख्ख्या मेळ्यासमोर गप्प बसला आणि माझ्याकडे बघत राहिला. घोडा थांबला, असं वाटलं मला. आता मी वळेपर्यंत हा पुढे जाणार नाही.

मी वळले. पूर्ण वळले, खोगिरावर हात टेकून, आणि बघितलं. मागे धुरळा होता, बस. माझा दोर धरलेला हात ओढला गेला, घोडी अर्धं पाऊल अडली, घंटा एकदा वाजायची राहिली.

आणि धुरळ्यातून एक राखी डोकं बाहेर आलं.

मग दुसरं. मग तीन एकदम. मी मोजत होते, मोठ्याने मोजत होते असं नंतर कुणीतरी सांगितलं. मंचावर गिटार पुन्हा चालू लागली. मी दहा पावलं जायचे, वळायचे. सात झाले, नऊ झाले, दहा झाले. अकरावा दिसेना. तो डॉन तेओफिलोंच्या तांबूस घोड्यांत उभा राहून गवत चघळत होता. त्याचं नाव, तुम्हाला माहीतच आहे, बहिरा. एल्पिदिओने लहानपणीच ठेवलं होतं, हाक ऐकून न ऐकल्यासारखं करायचा म्हणून. डॉन तेओफिलोंची घंटा त्याच्यापासून चार हातांवर होती. सगळा मेळा श्वास धरून. मी वळले, त्याच्याकडे बघितलं. इतक्या लांबून घोड्याला डोळे दिसतात का? पुस्तकात मला कुठे सापडलं नाही. बहिऱ्याने तोंडातलं गवत संपवलं, घाई न करता, आणि सभा संपल्यावर घरी निघालेल्या म्हाताऱ्यासारखा रमत गमत येऊन शेवटी उभा राहिला.

कळपाचं नाव पुकारलं गेलं. त्यानंतर आजवर चार वेळा.

डॉन फाउस्तिनो घड्याळ उचलायला लागले आहेत. आवरते.

डॉन नेमेसिओ आज पाचच्या बसने लेकीकडे निघाले आहेत, दक्षिणेला, वाऱ्याच्या मुलखात. वय एक्क्याऐंशी. एकट्याने राहू नका असं आम्ही सगळ्यांनीच त्यांना सांगितलं, आणि आता त्यांनी ऐकलं तर आमचेच चेहरे उतरले आहेत. लेक म्हणते तिथे घर उबदार आहे, नातवंडं आहेत. घोडा नाही. मी परवा त्यांना विचारलं, घोड्याशिवाय मिलोंगा वाजेल का? म्हणाले, "डोन्या, अंगठ्यात एक शिल्लक आहे. म्हातारा आहे, पण चालतो." नातवंडांना पहिला आठवडा कशावर बसवणार ते मात्र सांगेनात. मला वाटतं, स्वतःच्या गुडघ्यावर.

मंडळाने त्यांना शाल दिली, मानपत्र दिलं. माझ्याकडे देण्यासारखं काही नाही. माझी देण्याची सवय गावाला महागात पडते हे तुम्ही पाहिलंच आहे. म्हणून एक विनंती करते. डॉन नेमेसिओ, बसमध्ये डाव्या बाजूला बसा. पुलापासून आमच्या कुंपणाच्या टोकापर्यंत रस्ता आणि रान शेजारीशेजारी जातात. तिथे मी घोडी घेऊन चाललेली असेन. हात हलवू नका, मला उतरून रडत बसायला वेळ नसेल. तुम्ही खिडकीतून मोजा. अकरा राखी आणि एक अबलख. आणि पुढे जी बाई दर दहा पावलांनी मागे वळताना दिसेल, ती घोडे मोजत असेल. आज मात्र ती बारा मोजेल, बारावा बसच्या खिडकीत.

पुस्तकं लिहिणाऱ्यांवर माझा राग नाही. त्यांना तो क्षितिजाकडे जाणारा माणूस लांबून दिसला असेल आणि लांबून मान वळलेली दिसत नाही. डॉन नेमेसिओंनी ती कुंपणापलीकडून ऐकली आणि गाण्यात जपून ठेवली, वीस वर्षं चुकीचा आळ घेऊन. पुढच्या मुलांना ती मिलोंगा शिकवाल तेव्हा कृपा करून ती दुरुस्त करू नका.

मला बोलायची संधी दिलीत याबद्दल मंडळाची, व्यासपीठावरच्या थोरांची आणि मांस करपू न देता थांबलेल्या मागच्या मंडळींची मी ऋणी आहे. बोलण्यात कुणाचं नाव राहिलं असेल, कुणाला लागलं असेल, तर चौथी शिकलेल्या बाईचं बोलणं म्हणून सोडून द्या. मधूनमधून मी अडखळले, थांबले, तेही तुमच्या लक्षात आलं असेल. त्याबद्दल माफी मागायला हवी, मागते. त्या त्या ठिकाणी मी मागे वळून बघत होते.

सगळे आहेत. नमस्कार.